उखळातला शिंपला

परभणीहून सकाळी सहाला निघालो. गाडीत बसता बसता मामा म्हणाले, "येलदरीला काय बघायचंय गं माय? पाणी हाय, भिंत हाय. छत्तीस वर्षं मी तेच बघितलं."

मामा येलदरी धरणावर चौकीदार होते. त्याआधी, पोरवयात, त्याच धरणाच्या पाण्यात गेलेल्या एका गावात ते राहत होते. आमच्या घरात त्यांच्या नोकरीच्या गोष्टी पुष्कळ निघतात. पुराच्या रात्री, दरवाजे उघडायच्या आधीचा भोंगा, वीजघराचा घुमारा. गावाची गोष्ट मात्र निघत नाही. कुणी काढलीच तर मामा तंबाखू मळायला घेतात आणि विषय बदलतो.

मी गेली काही वर्षं जर्मनीत नोकरी करते. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे मी दोन्हीकडे इतक्यांदा ऐकलंय की आता ते मला माझ्या पत्त्यासारखं वाटतं. गेल्या ऑक्टोबरात सुट्टी काढून इटलीतल्या नेपल्सला गेले होते आणि तिथून एक दिवस पोत्सुओली नावाच्या जुन्या बंदरगावी. सकाळी गेले, संध्याकाळी परतले. भूमध्य समुद्राच्या काठावरचं ते गाव बघताना दिवसभर येलदरी आठवत राहिली. का, ते मामांना सांगायचं होतं, आणि ते परभणीत पंख्याखाली बसून सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मे महिन्याच्या उन्हात हा बेत. आधी जिंतूरजवळची नेमगिरी, मग चारठाणा, तिथून मागे येऊन दिवस कलताना येलदरी. मामीने डब्यात धपाटे, दही आणि ठेचा दिला होता.

बोरी मागे पडल्यावर मामांनीच विचारलं, "तर काय हाय त्या तुझ्या गावात?"

"समुद्र आहे, कोळी आहेत, मासळीबाजार आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांचं मोठं बंदर होतं ते. आपल्याकडचा माल इजिप्तमधून जहाजाने तिथे जायचा."

"आपल्याकडचा म्हंजी मुंबईचा?"

"मुंबई कुठली तेव्हा! पैठणचा, तेरचा. पहिल्या शतकात कुणा ग्रीक दर्यावर्द्याने समुद्री व्यापाराची एक वही लिहून ठेवलीय, 'पेरिप्लस' म्हणतात तिला. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर, असं त्यात आहे. पैठणहून रंगीत खडे जायचे, तेरहून कापड. गाड्यांवर लादून, वाट नसलेल्या मुलखातून."

मामा खिडकीतून बाहेर बघत होते. नांगरून टाकलेली काळी रानं, बांधावर एखादं लिंब. "वाट नसलेल्या," ते म्हणाले. "ते मातर खरं लिहिलं त्यानं."

जिंतूरला चहा घेताना मी त्यांना फोनवर एक फोटो दाखवला. नेपल्सच्या संग्रहालयातली हस्तिदंती बाई. उंची जेमतेम वीतभर आणि वर दोन बोटं. सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झालेल्या पॉम्पेई शहरातल्या एका घरात ती 1938 साली सापडली. अंगावर दागिन्यांखेरीज फारसं काही नाही. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, पायांत घोट्यापासून वर चढत गेलेले वाळे, पाठीवर जाड वेणी, दोन बाजूंना दोन सेविका. पॉम्पेईची लक्ष्मी म्हणतात तिला, पण ती लक्ष्मी असेल की यक्षी यावर वाद आहे.

मामांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "ही तर तांड्यावरची बाई," ते म्हणाले. "बांगड्या बघ. जिंतूरच्या बाजारात आमच्या लहानपणी अशा यायच्या."

"अशीच एक मूर्ती भोकरदनला सापडलीय. भंगलेली आहे, पण बनावट तशीच. 1973 च्या सुमारास तिथे उत्खनन झालं, शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांनी त्यावर लिहिलं. तेव्हापासून काही अभ्यासक म्हणतात की पॉम्पेईची बाई भोकरदनच्या कारागिरानेच घडवली असावी. काहींना पटत नाही. तिच्या तळाशी खरोष्ठीतलं अक्षर आहे, म्हणून ते वायव्येकडे बोट दाखवतात."

"भोकरदन केळण्याच्या काठाला," मामा सावकाश म्हणाले. "केळणा पूर्णेला मिळती. पूर्णा खडकपूर्णेच्या धरणातून निघून आपल्या येलदरीत येती. म्हंजी त्या बाईच्या गावावरून आलेलं पाणी मी छत्तीस वर्षं राखलं."

हे मला सुचलं नव्हतं. नकाशावर मी भोकरदन आणि येलदरी दोन्ही बघितलं होतं, पण मधली रेष ओढायला पाण्याची नोकरी केलेला माणूस लागला.

नेमगिरीला आम्ही फार थांबलो नाही. डोंगरातल्या जैन गुहा थंड होत्या. पार्श्वनाथाची भलीमोठी मूर्ती एका लहानशा दगडावर तोललेली आहे, ती बघून मामांनी हात जोडले. खरा वाद सुरू झाला तो चारठाण्यात.

चारठाण्यात एके काळी तीनशे साठ देवळं होती असं गावात सांगतात. आकडा सोडा, पण गोकुळेश्वराचं देऊळ, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी पुष्करणी आणि उघड्या आभाळाखाली उभा असलेला तो उंच कोरीव स्तंभ बघितला की चालुक्य-यादवांच्या काळात हे लहान गाव नव्हतं हे आपोआप कळतं. मी स्तंभाभोवती दोन फेऱ्या मारल्या. माझ्याखेरीज तिथे बघणारं कुणी नव्हतं.

"मामा, हे युरोपात असतं तर इथे माहिती सांगणारा माणूस असता, गावाचा नकाशा मिळाला असता, समोर चार पोरांची हॉटेलं चालली असती."

"अन् महादेवाला पाणी घालायला तिकीट लागलं असतं."

"तिकिटाच्या पैशांतून देऊळ टिकतं."

"देवळात दिवा लागायलाय का नाई? लागायलाय. मंग देऊळ जितं हाय. तुमच्या तिकडं दिवे लागत नाईत म्हून तिकीट लावायलेत."

"दिवा लागतो म्हणून दगड टिकत नाही. झिजलेल्या शिल्पाचा चेहरा परत येत नाही. ज्याची नोंद नाही ते गेलं तरी कुणाला कळत नाही."

मामा पाराच्या कडेला बसले. "तुला वाटायलंय की जे लिवलं न्हाई ते गेलं. मला वाटतं, जे दाखवायला काढलं ते गेलं. नवरीवानी नटवून बसवलं की ती घरची राहत नाई."

माझ्या मते मामांचं हे म्हणणं चारठाण्याच्या बाबतीत चूक आहे. दगडाला माणसासारखा संकोच नसतो. त्याला पावसापासून वाचवणारं आणि त्याची हकिकत सांगणारं कुणीतरी हवं असतं. पण मामा चारठाण्याबद्दल बोलतच नव्हते, हे मला तीन तासांनी येलदरीत कळलं.

येलदरीत पोचल्यावर त्यांची चाल बदलली. आकडे जिभेवर आले. "भिंत सव्वाचार किलोमीटर. उंची एकावन मीटर. दारं दहा. खाली वीजघरात साडेसात मेगावॅटचे तीन संच. तुडुंब भरलं की 934 दलघमी. 1968 ला पुरं झालं." हे सांगताना आवाजात अभिमान होता, आणि तो असायलाच हवा. "परभणीत तुझ्या आईच्या नळाला येतं ते हेच पाणी. इथून खाली सिद्धेश्वर. तिथून कालवा निघतो. वसमतची हळद बघितलीस? या पाण्यावरची हाय."

"आणि इथल्या लोकांना?"

"कालवा खाली निघतो म्हणलं ना. पाणी उताराला जातं. ज्यांची रानं बुडाली ते वरच्या अंगाला."

आम्ही भिंतीकडे न जाता फुगवट्याच्या बाजूला वळलो. मे महिन्यात पाणी खूप आत गेलेलं असतं. जिथवर ते भरतं तिथे टेकाडाला एक फिकट पट्टा दिसतो, त्याखाली भेगाळलेला गाळ, मध्येमध्ये गाळपेराचे हिरवे तुकडे. दूर पाण्यावर दोन भोई तराफ्यावरून जाळं ओढत होते. मामांनी चपला हातात घेतल्या आणि माझ्यापुढे चालू लागले. पंचाहत्तरीला टेकलेला माणूस, पण पाय कुठे रुततो आणि कुठे नाही हे त्यांना न बघता कळत होतं.

वीस-पंचवीस मिनिटांनी ते थांबले. "ही वेस."

मला काही दिसलं नाही. गाळ होता, त्यातून डोकावणारे काळे दगड होते. ते पुढे गेले. "हा मारुतीचा पार. देव आम्ही नेला, पार राहिला. ही सुताराची गल्ली. हितून खाली नदी." मग एका जागी ते उकिडवे बसले आणि हाताने गाळ उकरू लागले. मला वाटलं काही हरवलंय. वीतभर उकरल्यावर दगडाची गोल कड लागली. ते उखळ होतं. अंगणातल्या खडकातच कोरलेलं, म्हणून गाव उठलं तेव्हा नेता न आलेलं.

"जातं नेलं, पाटा नेला, चौकट-दार उपसून नेलं. हे राहिलं. आई सारखी म्हणायची, माझं उखळ राहिलं."

त्यांनी ओंजळीओंजळीने आतला गाळ काढला. तळाशी बोटाला काहीतरी लागलं. गोड्या पाण्यातला शिंपला, अखंड, मिटलेला, तळहाताच्या मध्यावर मावेल एवढा. बाहेरून शेवाळी. तो हातात घेतल्यावर मी त्यांना पोत्सुओलीतलं ते सांगितलं ज्यासाठी त्यांना इथे आणलं होतं.

"त्या गावात रोमन काळातला बाजार आहे, मामा. त्याचे तीन संगमरवरी खांब अजून उभे आहेत, आपल्या तीन-चार मजली घराएवढे उंच. जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर त्या खांबांना भोकांचा पट्टा आहे. बोट जाईल एवढी भोकं, शेकडो. खडक पोखरून राहणारा एक समुद्री शिंपला असतो, खजुराच्या आकाराचा, त्याने पाडलेली."

"दोन पुरुष उंचीवर शिंपला चढला कसा?"

"चढला नाही. खांब बुडाले होते. त्या मुलखात खाली ज्वालामुखी आहे. जमीन हळूहळू खचते आणि हळूहळू वरही येते. आधी सगळा बाजार समुद्रात गेला, शिंपल्यांनी घर केलं, मग काही शतकांनी जमिनीने तो पुन्हा वर आणला. चार्ल्स लायेल नावाच्या स्कॉटिश भूशास्त्रज्ञाने 1830 साली आपल्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर त्याच खांबांचं चित्र छापलं. जमीन स्थिर नसते, हे लोकांना त्या भोकांनी पटवलं. शेजारी बाइया म्हणून गाव आहे. तिथे रोमन श्रीमंतांचे वाडे अजून पाण्याखाली आहेत. काचेच्या तळाच्या होडीतून ते बघता येतात."

मामा शिंपला उलटसुलट करत होते. "म्हंजी तुला म्हणायचंय, हितंबी काचेची होडी आणायची."

"होडी नको. पण एक पाटी तरी? या पाण्याखाली कोणती गावं आहेत, किती घरं होती, माणसं कुठे गेली. धरणाची लांबी-रुंदी सगळीकडे मिळते. तुमच्या गावाचं नाव मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही. तुमच्या नातवाला तरी माहीत आहे का?"

"नाई."

"मग?"

"मंग काय? ऐक." त्यांनी तंबाखूची डबी काढली, पण उघडली नाही. "पाटी लागली की माणसं येतील. कोण येतील ते मला ठावं हाय. छत्तीस वर्षं बघितलेत. सुट्टीच्या दिवशी येतात, बाटल्या फोडतात, पाठीमागं पाणी दिसावं म्हून उलटं चालत चालत पाण्यात जातात. गाळात पाय रुतला की माणूस निघत नाई. मी भोयांना घेऊन किती मढी वर काढली, मोजायचं सोडून दिलं. एक पोरगं सतरा वर्षांचं. त्याची आई काठाला बसून मला म्हणायली, दादा, अजून एकदा बघा. तसल्या लोकांना मी माझ्या आईचं उखळ दाखवू?"

मी गप्प बसले.

"दुसरं. त्या तुझ्या गावात माणसं राहत होती का त्या बुडीत जाग्यावर?"

हा प्रश्न मला अपेक्षित होता, कारण पोत्सुओलीतला तो भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. समुद्रावर डोकावणाऱ्या उंचवट्यावर तिथे एक जुनी वस्ती आहे, रिओने तेर्रा. तिथल्या मुख्य चर्चला 1964 साली आग लागली आणि भिंतींचा गिलावा गळून पडल्यावर आतून रोमन देवळाचे खांब निघाले. देवळालाच पोटात घेऊन चर्च बांधलेलं होतं. मग जमीन वर सरकू लागली आणि 2 मार्च 1970 ला सरकारने ती सगळी वस्ती रिकामी करवली. जवळपास तीन हजार माणसं, बहुतेक कोळी आणि गरीब. 1982 ते 84 मध्ये तर जमीन पावणेदोन मीटरच्या आसपास वर आली. बंदराचा धक्का इतका उंचावला की होड्यांसाठी खाली दुसरा बांधावा लागला. आज रिओने तेर्राची घरं रंगवून, सावरून उभी आहेत. खालच्या रोमन गल्ल्यांतून फिरवून आणतात. भट्ट्या, कोठारं, दुकानं, सगळं दिव्यांच्या उजेडात.

मामांनी हे नीट ऐकलं. "एका दिवसात उठवलं?"

"हो, शिपाई आले आणि बाहेर काढलं."

"आमाला चार वर्षं लागली. दर पावसाळ्यात म्हणायचे, औंदा पाणी येणार. औंदा येणार. लोक पेरणी करायची का नाई याच इचारात. एका साली पेरलं अन् पाणी आलं. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. ज्वारी गुडघ्याएवढी होती, तिच्यात पाणी चालत आलं. आवाज नाई, काई नाई. सकाळी बांध दिसायचा, संध्याकाळी नाई." ते थांबले. "अन् त्या तीन हजारांचं काय झालं?"

"गावाबाहेर तोयानो नावाची नवी वसाहत बांधली. तिकडे नेलं."

"परत कवा आले?"

"नाही आले. त्या घरांत पुन्हा संसार लागले नाहीत."

"मंग घरं रंगवली कुणासाठी?"

मी काही बोलले नाही.

"तूच सांग, माय. ज्याचं घर होतं तो तोयानोत. अन् तू जर्मनीहून जाऊन त्याच्या घराखालची गल्ली बघून आलीस. त्या कोळ्याला आत जायचं म्हणलं तर त्यालाबी तिकीट का?"

त्या दिवशी पोत्सुओलीत मी हा प्रश्न कुणालाही विचारला नव्हता. मी तिथली माहिती वाचत होते, फोटो काढत होते, आणि आपल्याकडे हे असं का नाही याचं मला वाईट वाटत होतं. वर राहणारी माणसं आता कुठे असतील, हे मनातही आलं नाही. ते विचारायला पाण्यात घर गेलेला माणूस लागला. माझ्या बाजूचा सगळ्यात बळकट पुरावा म्हणून मी जे आणलं होतं ते मामांनी दोन वाक्यांत उलटवलं, आणि त्यांचं बरोबर होतं.

पण वाद तिथे संपला नाही, कारण माझंही अर्धं बरोबर होतं आणि ते सोडायला मी तयार नव्हते.

डबा उघडला. उखळाच्या कडेला बसून धपाटे खाल्ले. मामांनी पहिला तुकडा मोडून गाळावर ठेवला, कशासाठी ते मी विचारलं नाही. मग मी त्यांना गोव्यातल्या कुर्डीबद्दल सांगितलं.

कुर्डी हे सांगे तालुक्यातलं गाव. मोगूबाई कुर्डीकर त्या गावच्या, किशोरीताई आमोणकरांच्या आई. साळावली धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं. वर्षातले अकरा महिने ते पाण्याखालीच असतं, मे महिन्यात वर येतं. तिथलं महादेवाचं जुनं देऊळ दगडन् दगड सोडवून दुसरीकडे उभारलं. पण गावकरी दर मे महिन्यात एक दिवस ठरवून मूळ जागेवर परततात. सोमेश्वराच्या देवळाशी हिंदू जमतात, ख्रिस्ती लोक आपल्या जुन्या चॅपेलच्या जागी. घराच्या जोत्यावर बसून जेवतात, पोरांना दाखवतात: ही आपली विहीर, हे आपलं दार.

"कोण बोलावतं त्यांना?"

"आपसांत ठरवतात."

"तिकीट?"

"नाही."

मामा बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग उजव्या हाताची बोटं मोजू लागले. "सुताराचा थोरला पुण्याला, चाकणकडं. पाटलाचे दोघं परभणीत, एकाला दिसत नाई. कोंडबाची लेक सेनगावला दिलीय. भोयाचा तर हितंच हाय, तो बघ तराफ्यावर. अजून..." अंगठ्यापाशी ते अडले. पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली आणि पुन्हा तिथेच अडले.

"एवढेच?"

"मला ठावं असलेले. मावेजा घेऊन लोक कुठं कुठं पांगले. काईंना गावठाणात जागा मिळाली, काई तिथं गेलेच नाईत. मावेजा आला अन् संपला. ज्याची जमीन गेली त्याच्या पोरानं त्याच धरणावर रोजंदारी केली, मीबी केली. रोज सकाळी पाणी मोजायचं काम आलं की मी मोजपट्टीकडं बघायचो अन् मनात म्हणायचो, आज वेशीवर पाच पुरुष पाणी, आज मारुतीवर सहा."

छत्तीस वर्षं हा माणूस पाण्याची उंची आपल्या वेशीवरून मोजत होता आणि घरात कुणाला ते माहीत नव्हतं.

"मामा, हेच लिहून ठेवू या," मी म्हटलं. "पाटी जाऊ द्या. तुम्ही सांगा, मी वहीत नकाशा काढते. कुणाचं घर कुठे, विहिरी किती, कुणाची वाट कुठून. तराफ्यावरच्या भोयाला विचारू. पाटलांकडे जाऊ. पुढच्या मेमध्ये जेवढे येतील तेवढ्यांना घेऊन इथे येऊ."

"अन् मंग ती वही छापशील. मंग माणसं येतील."

"येतील कदाचित."

"मंग?"

"मग त्यांना हे तुमच्याकडून कळेल. तुमच्या आधी त्यांना कळणार नाही."

मामांनी मान हलवली नाही, नकारही दिला नाही. ते उठले, उखळात पुन्हा ओंजळीने गाळ भरला आणि तळहाताने वरून सारखं केलं, बाळाला पांघरूण घालावं तसं. शिंपला मात्र माझ्या हातात दिला. "हा ने. नातवाला दाखव. सांग, पणजीच्या उखळात सापडला."

परतीच्या वाटेवर ते पाटीवर बोललेच. पाटी नको, हे त्यांचं मत कायम आहे. माझं मतही कायम आहे: धरणाच्या लांबी-उंचीशेजारी बुडालेल्या गावांची नावं लिहिलेली असायला हवीत, आणि ती धरणाच्या बोर्डाएवढ्याच मोठ्या अक्षरात. ज्या पाण्यावर वसमतची हळद आणि परभणीचे नळ चालतात त्या पाण्याची किंमत कुणी मोजली, हे पाणी पिणाऱ्याला कळलं पाहिजे. पण क्रम कोणता, याबाबत मामांनी मला दुरुस्त केलंय. आधी तिथले लोक परत यायला हवेत, मग बघणारे. पोत्सुओलीत हे उलटं झालं आणि ते मी डोळ्यांनी बघूनही मला दिसलं नव्हतं.

जिंतूर ओलांडल्यावर अंधार पडला. मामा म्हणाले, "वेशीपासून सुरू कर. पहिलं घर डाव्या हाताला, रामोशाचं." मी गाडी बाजूला घेऊन वही काढली. परभणीत पोचेपर्यंत सतरा घरं झाली.

येलदरीला जाणार असाल तर जरूर जा. नेमगिरी, चारठाणा आणि येलदरी एका दिवसात होतं. मे महिन्यात गेलात तर फुगवट्याच्या गाळात एकटे उतरू नका, आणि पाण्याकडे पाठ करून फोटो काढू नका. काठावर एखादं म्हातारं माणूस दिसलं तर थांबा आणि विचारा, तुमचं गाव कुठे होतं? धरण भरलं तेव्हा जे पंधरा वर्षांचे होते ते आज सत्तरी ओलांडून गेलेत. सांगायला ते अजून आहेत.